वसाहतींची मुक्ती आणि मोगलाईतील तेरा महिने



साम्राज्याच्या पकडीतून वसाहती कशा सुटतात व स्वतंत्र कशा होतात, या विषयावर नभोवाणीवरून चार शब्द बोलावेत अशी सूचना मला आली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. हे काम इतिहासाच्या प्राध्यापकाचे. मुरुडसारख्या गावी लहान वर्गांना शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, आणि ज्याचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे सरकले नाही, अशा शाळामास्तराने अमेरिका-आफ्रिकेच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगाव्यात? परंतु विचार करता असे वाटले की, ज्या मुलखात मी जन्मलो त्या मुलखाने हा प्रश्न पुस्तकात वाचण्यापूर्वी अंगावर सोसला आहे. आणि तोही अशा चमत्कारिक रीतीने, की त्याला तोड जगाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडते. म्हणून धीर केला.

वसाहत या शब्दाचा मूळ अर्थ वस्ती. एका देशातील लोक दुसऱ्या देशात जाऊन राहिले, तेथे त्यांनी शेते काढली, गावे वसविली आणि मूळ देशाच्या राजाची आण पाळली, म्हणजे ती वसाहत झाली. उत्तर अमेरिकेतील इंग्रजांच्या तेरा वसाहती या अर्थाने खऱ्या वसाहती होत्या. त्यांची कथा आपण शाळेत वाचतो. १७७३ साली बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, युद्ध झाले, आणि १७८३ च्या पॅरिसच्या तहाने इंग्लंडच्या राजाने ते स्वातंत्र्य मान्य केले. मुलांना चहाच्या पेट्यांची गोष्ट फार आवडते. परंतु तिच्यामागची एक गोष्ट आम्ही शिक्षक बहुधा सांगत नाही. ती अशी की, या वसाहतींत लोकांनी निवडलेल्या सभा फार पूर्वीपासून चालत आलेल्या होत्या. व्हर्जिनियातील सभा तर १६१९ सालची. त्यामुळे राजाची सत्ता ज्या दिवशी तुटली, त्या दिवशी ती झेलावयास हात तयार होते. अर्थात ते हात गोऱ्यांचे होते. त्यांच्या मळ्यांवर राबणारे काळे गुलाम १८६५ पर्यंत गुलामच राहिले, आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी तर आपली भूमी गमावीत गेले.

यावरून एक प्रश्न उभा राहतो, आणि आजच्या माझ्या सबंध भाषणाचा विषय तोच आहे. साम्राज्य मागे सरकते तेव्हा त्याच्या हातातून सुटलेली सत्ता कोणाच्या हाती जाते? देश स्वतंत्र झाला असे आपण सहज म्हणतो. परंतु देश म्हणजे कोण? ब्राझील देशाने १८२२ साली पोर्तुगालशी संबंध तोडला, तेव्हा स्वातंत्र्याची घोषणा कोणी केली? पोर्तुगालच्या राजाच्याच मुलाने, आणि तोच तेथील बादशहा झाला. तेथील गुलामगिरी पुढे १८८८ पर्यंत टिकली. आफ्रिकेतील ऱ्होडेशियाचे उदाहरण याहून बोलके आहे. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी तेथील मूठभर गोऱ्यांच्या सरकारने इंग्लंडपासून आपण स्वतंत्र झालो असे स्वतःच जाहीर केले. हेतू हा की, इंग्लंडने बहुसंख्य आफ्रिकी प्रजेला मताधिकार देण्याचा आग्रह धरू नये. म्हणजे साम्राज्यापासूनची मुक्ती हेच प्रजेला बांधून ठेवण्याचे साधन झाले! खरे स्वातंत्र्य तेथे झिम्बाब्वे या नावाने १९८० साली आले. हे ऱ्होडेशियाचे वर्तमान मी प्रथम वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. म्हटले, हे तर आमच्या मोगलाईत अठरा वर्षे आधीच होऊन गेले आहे.

मोगलाई हा शब्द आजच्या तरुण श्रोत्यांस कदाचित अपरिचित असेल. बार्शी-सोलापूरकडील लोक आपल्या मुलखास इंग्रजी म्हणत आणि आमच्या मुलखास मोगलाई. बार्शीहून मुरुडकडे येताना पांगरीपर्यंत इंग्रजी, आणि पुढे येडशीपासून निजामाची हद्द. बालाघाटाचा तोच डोंगर, तीच ज्वारी, तीच मराठी बोली. परंतु हद्द ओलांडली की पैसा बदले, टपालाचे तिकीट बदले, पंचांग बदले, कचेरीची भाषा बदले. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार रुपया. सात हाली दिले म्हणजे सुमारे सहा कलदार मिळत. मालाच्या गाडीला करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. १९११ साली लातूरपर्यंत आलेली बार्शी लाइटची ती अरुंद आगगाडी तेवढी दोन्ही मुलखांतून बिनदिक्कत धावत असे, कारण ती कंपनीच मुळी विलायतेची.

आता हैदराबाद संस्थान ही वसाहत होती काय? शब्दशः नव्हती. ते सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे राज्य होते. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाख लोकवस्ती. तेलुगू, मराठी व कन्नड बोलणाऱ्यांचे १६ जिल्हे, त्यांत मराठवाड्याचे पाच. मुरुड व लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोडत. लातूर जिल्हा निराळा झाला तो १९८२ साली. राजा स्वतःचा, नाणे स्वतःचे, फौज स्वतःची. परंतु या स्वतःच्या म्हणण्यात फारसे तथ्य नव्हते. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, आणि तेव्हापासून त्याच्या दौलतीची दोरी रेसिडेंटाच्या कोठीत गेली. फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला, आणि १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितला व अंतर्गत कारभारात आपण इंग्रज सरकारच्या बरोबरीचे आहोत असा दावा केला, तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्यांना लेखी कळविले की, हिंदुस्थानात ब्रिटिश राजमुकुटाची सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणाही संस्थानिकास तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही. या श्रेष्ठ सत्तेस कायद्याच्या भाषेत अधिसत्ता म्हणत. म्हणजे प्रजेवर निजाम आणि निजामावर अधिसत्ता, असे ते दुहेरी जोखड होते. वरचे जोखड दिसत नसे. खालचे रोज दिसे.

ते कसे दिसे हे माझ्या आजोबांच्या अनुभवावरून सांगतो. त्यांना जमिनीच्या कज्ज्यात कचेरीचा कागद आला की तो हाती घेऊन त्यांना गावभर हिंडावे लागे. कारण कागद उर्दूत आणि आजोबांना अक्षरओळख मोडी-मराठीची. कचेरीची, न्यायाची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उर्दूविषयी माझ्या मनात यत्किंचितही आकस नाही. माझे वडील उर्दू शाळेत शिकले, आणि त्यांचे उर्दू अक्षर त्यांच्या मराठी अक्षरापेक्षा शतपटीने देखणे होते. दोष भाषेचा नव्हता. ज्याच्या नावाने कारभार चालतो त्याला तो कारभार वाचता येऊ नये, यातच परवशतेचे सारे मर्म आहे. त्यात भर म्हणजे गश्ती निशाण ५३. या हुकुमान्वये सभा भरविण्यास आधी परवानगी लागे. खासगी शाळा काढण्यासही परवानगी लागे. लोकांना उत्तरदायी असे विधिमंडळ नव्हते. अमेरिकेतील वसाहतींपाशी जे दीडशे वर्षे होते ते आमच्यापाशी नव्हतेच.

मग सत्ता झेलणारे हात तयार कोठे झाले? शाळामास्तराने शाळांची थोरवी गावी हे थोडे हास्यास्पद दिसेल; तथापि सत्य तेच आहे. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, सेलूचे नूतन, औरंगाबादचे सरस्वती भुवन, आणि गावोगावची लहान वाचनालये, येथे ते हात तयार झाले. स्वामी रामानंद तीर्थ हे हैदराबादच्या लढ्याचे सेनापती म्हणून आपणांस ठाऊक आहेत. पण त्या आधी ते मास्तर होते, प्रथम हिप्परग्यास व नंतर अंबाजोगाईस. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, दुसरे पुढील साली आमच्या लातुरात. १९३८ सालीच हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होऊ घातली, तर ती स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली! जन्माआधीच ज्याला मृत्युपत्र मिळाले असे मूल हेच असावे. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात वंदे मातरम् गाणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे कमी झाली. नागपूर विद्यापीठाने त्यांतील पुष्कळांना आश्रय दिला. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली ती थेट जुलै १९४६ मध्ये.

आता मुख्य गाठीपाशी येतो. इंग्रजांनी जावयाचे ठरविले तेव्हा अधिसत्तेचे काय करावयाचे हा प्रश्न आला. १२ मे १९४६ च्या निवेदनात ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाने सांगितले की, ही अधिसत्ता आम्ही नव्या हिंदी सरकारकडे सोपविणार नाही. ती लुप्त होईल. १९४७ च्या हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्यात सातव्या कलमाने तसेच लिहिले गेले. वाचावयास किती सरळ! पण अर्थ पाहा. इंग्रजी मुलखात इंग्रज गेला तेव्हा सत्ता लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे आली. साडेपाचशेंहून अधिक संस्थानांत मात्र ती, त्या कायद्याच्या दृष्टीने, राजाकडे परत गेली. साम्राज्याने निजामास मुक्त केले. निजामाच्या प्रजेस नव्हे.

निजाम सरकारने ही संधी तत्काळ ओळखली. जून १९४७ मध्ये फर्मान निघाले की, १५ ऑगस्ट रोजी इंग्रजांची सत्ता जाताच हैदराबाद स्वतंत्र सार्वभौम राज्य होईल. त्याच सुमारास त्रावणकोरच्या दिवाणांनीही तसेच जाहीर केले होते. या दोहोंना उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९४७ मध्ये एक निवेदन काढले. अधिसत्ता अशी हवेत विरून जात नाही, ती उत्तराधिकारी या नात्याने हिंदुस्थान सरकारकडेच येते, आणि जी संस्थाने स्वतंत्र होण्याचे मनात आणतील त्यांना जगातील राष्ट्रे मान्यता देणार नाहीत, असे त्यांनी कायद्याच्या आधारे मांडले. त्रावणकोर लवकरच नमले. हैदराबाद नमले नाही. पुढे नोव्हेंबरात बाबासाहेबांनी संस्थानातील दलित बांधवांनाही बजावले की, निजामाच्या वा इत्तेहादच्या बाजूस जाऊ नका.

हे इत्तेहाद प्रकरण थोडे समजून घेतले पाहिजे. इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था १९२७ सालची. तिच्यात बहादूर यार जंग या वक्त्याच्या काळी ‘अनल् मलिक’ हे सूत्र पुढे आले. त्याचा अर्थ, राजा मीच. हैदराबादचा प्रत्येक मुसलमान हा राज्याच्या सार्वभौमत्वाचा वाटेकरी आणि निजाम हे त्याचे केवळ प्रतीक. म्हणजे सुटलेली सत्ता कोणाची, या प्रश्नास हैदराबादेत तीन उत्तरे तयार होती. कायदा म्हणाला, राजाची. इत्तेहाद म्हणाली, शेकडा वीसहूनही कमी असलेल्या एका समाजाची. स्टेट काँग्रेस म्हणाली, सर्व प्रजेची, आणि प्रजेची इच्छा हिंदी संघराज्यात जाण्याची आहे. तेलंगणातील कम्युनिस्ट शेतकरी १९४६ पासून देशमुख-जहागीरदारांशी जे लढत होते त्यांचे उत्तर चौथे होते, ते, कसणाऱ्याची. आणि मौज अशी की, हे सर्व पक्ष ‘आझादी’ हा एकच शब्द उच्चारीत होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत सुलतान बाजारात स्वामीजींनी तिरंगा फडकविला आणि त्यांना अटक झाली. दिल्लीत उत्सव चालला असता आमच्याकडे तो झेंडा गुन्हा होता. ऑक्टोबरच्या अखेरीस निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीस निघणार, तोच रझाकारांच्या जमावाने मंडळींची घरे वेढली आणि त्यांना जाऊ दिले नाही. मुख्य मंत्री छत्तारीच्या नबाबांनी राजीनामा दिला व मीर लायक अली आले. या रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा गृहस्थ. आमच्या भागातील वृद्ध माणसे त्याला कोर्टाच्या पायरीवर पाहिल्याचे सांगत. साम्राज्ये कोसळतात तेव्हा कोठला कोण मनुष्य एकदम एका राज्याच्या भवितव्याचा धनी होऊन बसतो, याचा मला नेहमी अचंबा वाटत आला आहे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला, एका वर्षासाठी. कागदावर सर्व शांत झाले. गावांत मात्र शांतता नव्हती. राज्य कशावर चालते? फौजेवर चालते असे आपणांस वाटते. वास्तविक ते महसुलावर व आज्ञापालनावर चालते. फौज ही त्या दोहोंची राखण. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी हे नेमके हेरले होते. त्यांनी शिंदीची झाडे तोडली, कारण शिंदीच्या दारूवर सरकारचा अबकारी कर होता. बोस्टनच्या चहाच्या पेट्या आणि आमची शिंदीची झाडे यांत मला तरी काही भेद दिसत नाही. लेव्हीचे धान्य देण्याचे लोकांनी नाकारले. करोडगिरीचे नाके जाळले गेले. पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले, कित्येक ठिकाणी दप्तरांची होळी झाली. दप्तर जळाले म्हणजे कोणाकडून किती वसूल करावयाचे हे सरकारासच कळेनासे झाले! हद्दीपलीकडे बार्शी, सोलापूर, उमरखेड येथे कॅम्प होते. तेथून तुकड्या येत व जात. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लढ्यासाठी लुटण्यात आली, सुमारे २० लाख रुपये हाती आले; आणि त्याच सायंकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. अहिंसेच्या नावाने सुरू झालेला लढा बंदुकीपर्यंत कसा आला, याबद्दल पुढे पुष्कळ वाद झाला. मी त्यात शिरत नाही. ज्यांच्या घरावर रझाकार येत होते त्यांना तो वाद करण्यास सवड नव्हती, एवढे म्हणतो.

माझे आजोबा त्या वर्षीच्या चैत्रात घर सोडून निघाले. बैलगाडी, आजी, आत्या, सतरा-अठरा वर्षांचे माझे वडील आणि भांड्यांचे एक पोते. दिवसा चालणे धोक्याचे म्हणून रात्रीचा प्रवास. बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या. पांगरी आली तेव्हा पहाट होत होती आणि आजोबा गाडीतून उतरून प्रथम रस्त्याच्या कडेला बसले व काही वेळ उठलेच नाहीत, असे वडील सांगत. बार्शीत त्यांनी एका अडत्याच्या गोदामात सहा महिने काढले. बाजारात हाली रुपये देऊ लागल्यावर दुकानदाराने ते परत केले. कलदार करून आणावे लागले. आणि त्या गडबडीच्या दिवसांत सातास सहा हा भाव कोणी देत नसे.

हैदराबाद शहरातही निराळा सूर काढणारी माणसे होती. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संघराज्यात सामील होण्याचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा रस्त्यात खून झाला. मी वर्गात हा लढा शिकवीत असे तेव्हा हे नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत असे. लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी नव्हता हे मुलांना सांगावयाचे, तर त्याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

त्यापुढचा घटनाक्रम आपणां सर्वांस पाठ आहे. निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी यांच्या हाताखाली हिंदी फौज सोलापूरकडून शिरली, नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडला, पाच दिवसांत सारे आटोपले. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली, ती हैदराबादच्या नभोवाणीवरून. बार्शीच्या एका दुकानापुढे उभे राहून वडिलांनी ती वार्ता ऐकली. पुढे २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने भारताची राज्यघटना मान्य केल्याचे फर्मान काढले. १९५२ साली संस्थानात प्रथमच सर्व प्रौढांनी मते दिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. हाली शिक्का त्या आधी एक वर्ष, १९५९ मध्ये, चलनातून गेला.

शाळेत आम्ही येथेच थांबत असू. १७ सप्टेंबरला झेंडावंदन, प्रभातफेरी, साखरेचा खडा, आणि ‘पाच दिवसांत सारे आटोपले’ हे वाक्य. पुष्कळ वर्षांपूर्वी एकदा हे वाक्य उच्चारून मी खडू खाली ठेवला, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. तो मुसलमान होता. अभ्यासात बरा, बोलण्यास भिडस्त. तो म्हणाला, “गुरुजी, सहाव्या दिवशी काय झालं? आमची आजी म्हणते, आमचे दादा सहाव्या दिवसानंतर गेले.”

मला उत्तर ठाऊक होते. आमच्या गावात माझ्या वयाच्या कोणालाही ते ठाऊक नव्हते असे नाही. मी म्हणालो, “तो भाग आपल्याला नेमलेला नाही. पुढचा धडा काढा.” तो बसला. त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही, त्या विषयावर नाही आणि दुसऱ्याही विषयावर नाही.

जे मी सांगितले नाही ते असे. फौज पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या गावांत सूडाचे सत्र सुरू झाले. रझाकारांत जे होते त्यांच्यावर, आणि जे कधीच नव्हते त्यांच्यावरही. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांना चौकशीस पाठविले. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा केला. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज कमीत कमी २७ ते ४० हजार असा आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळले. या चारांतच १८ हजारांहून कमी मृत्यू नाहीत, असे ते लिहितात. लातुराविषयी त्यांनी लिहिले आहे की, तेथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालल्या, आणि सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी त्यांना जेमतेम तीन हजार आढळले. तो अहवाल कित्येक वर्षे सरकारी कपाटातच होता. त्याच अहवालात असेही नमूद आहे की, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांचे रक्षण केले आणि त्यात स्वतःचे प्राण दिले. एकाच मागाच्या धंद्यातील ती माणसे.

आमचा लढा न्याय्य होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. निजामास मिळालेले स्वातंत्र्य हे आमचे स्वातंत्र्य नव्हते आणि दुसरा लढा लढल्यावाचून ते आम्हांस मिळणारही नव्हते. परंतु सत्ता कोणाची, या प्रश्नास आम्ही ‘सर्व प्रजेची’ असे उत्तर दिले होते. सप्टेंबरच्या त्या उत्तरार्धात ते उत्तर आम्हीच काही आठवडे विसरलो. जगात इतरत्रही हे घडले आहे; १९४७ साली पंजाबात घडले, हे मी मुलांना सांगत आलो. लांबचे सांगणे सोपे असते.

तो मुलगा आता लातुरास असतो, त्याचे स्वतःचे दुकान आहे. निवृत्तीनंतर मी तो अहवाल मिळवून वाचला आणि एक दिवस तो घेऊन त्याच्याकडे गेलो. दुकान बंद होण्याच्या वेळी बसलो व लातुराविषयीचा भाग त्याला मराठीत सांगितला. तो म्हणाला, “गुरुजी, आकडा आज कळला. बाकी आजीनं सांगितलं होतं.” मग त्याने मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांना आमच्याच शिवारातील एका शेतकऱ्याने तीन दिवस कडब्याच्या गंजीत लपवून ठेवले होते, रात्री भाकरी नेऊन देत. चौथ्या दिवशी ते घरच्यांना पाहावयास म्हणून बाहेर पडले आणि परतले नाहीत. आजी वारली तोपर्यंत दर संक्रांतीस त्या शेतकऱ्याचे नाव घेई.

ते नाव मी येथे सांगत नाही, कारण त्या घरची माणसे अजून मुरुडातच शेती करतात. मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारले. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. वडिलांनी कधी सांगितले नाही म्हणाले. मात्र गंजी कोठे रचीत असत ती जागा त्यांनी मला दाखविली.